जत्रेपुरती टाकी

वेल्हे,
रविवार, ११ फेब्रुवारी २००१

तमन्नाआपा, सलाम.

मी बरी आहे; तूही असशील असं धरून चालते. मिरजेहून तुझं कार्ड आलं. हॉस्पिटलमधली ड्यूटी रात्रीची झाली हे कळलं. ‘वेल्हे कसं आहे’ एवढंच विचारलंयस, तेवढ्याचंच उत्तर देते.

गाव तोरण्याच्या पायथ्याशी आहे. मार्गासनीहून येणारा रस्ता हीच बाजारपेठ: कचेरी, एसटी थांबा, दोन खानावळी. डोंगरामुळे ऊन लवकर जातं. वस्ती खाली दाट, वर विरळ. वरची वाडी तर बरीचशी कुलपातच. माणसं मुंबईला. नळयोजनेसाठी मी उंचीची मापं घेते आणि घरटी माणसं मोजते. पट्टी धरायला गेनू असतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, “म्याडम, गाव आडवं मोजायचं का उभं? उभं आसंल तर मला भाकरी जास्त लागंल.”

खोली ठीक आहे. एकटं वाटत नाही. संध्याकाळी खिडकीतून वाडीतले दिवे दिसतात. एखादा लागला नाही तर लक्षात येतं.

त्यातला एक अंबूबाईंचा. घरात किती माणसं, विचारलं तर म्हणाल्या, “दोगं. म्या न् भिमा.”

भिमा त्यांचा मुलगा. कित्येक वर्षं मुंबईत. मी नियम सांगितला: सहा महिने घरात राहील तोच धरायचा. त्यांनी दांडीवरची घोंगडी दाखवली. माणूस कायमचा निघाला तर त्याची घोंगडी त्याच्याबरोबर द्यायची, ही त्यांच्या घरची रीत. दांडीवर आहे तोवर तो घरचा.

“सा म्हयन्यात मानूस परका व्हतो व्हय गं? जत्रंला ये, मग मोज. हुबं ऱ्हायाला जागा न्हाई घावायची!”

गेनू हसला. मला हसू आलं नाही. नियमानं वाडीत इतकी थोडी माणसं भरतात, की तिथपर्यंत नळ जातच नाही.

आकडे मी खरे तेच लिहिले. टाकी मात्र जत्रेच्या दिवसाच्या गर्दीवर धरली, आणि नकाशात पाइप वाडीपर्यंत नेला. साहेब म्हणाले, “बाकीचं वर्ष अर्धी रिकामीच राहणार ती.”

“राहू दे,” मी म्हटलं. “आलेल्याला पाणी नाही म्हणायचं का?”

ऑफिसात मी एवढं कधी बोलत नाही. मंजुरी अजून यायची आहे.

परवा रजा घेऊन भोरला गेले होते. अम्मी ठीक. अब्बांचे गुडघे दुखतात, पण सायकलचं दुकान उघडतात. तू नर्सिंगला निघालीस तेव्हा ‘गेलीस तर परत येऊ नकोस’ म्हणाले, त्यानंतर चार वर्षांत तुझं नाव त्यांनी घेतलेलं नाही. परवाही नाही.

तुझी सायकल दुकानात मागे आहे. जुम्म्याची नमाज झाली की ते तिच्यात हवा भरतात. कोणी चालवत नाही तर कशाला, असं विचारलं.

“रबर वाळतं,” म्हणाले. पंप ठेवला, हात पुसले. मग माझ्याकडे न बघता, “ब्रेक नवे टाकलेत. उतारावर उशिरा दाबते ती.”

हे तुला कळवायचं की नाही, यात दोन दिवस गेले.

ये, असं त्यांनी सांगितलेलं नाही. ते सांगणारही नाहीत. पण बकरी ईदच्या आदल्या दिवशी तू पुण्याच्या गाडीत बसलीस, तर नीरेचा पूल ओलांडला की भोरसाठी सारोळ्याला उतर. मी तिथे थांबलेली असेन. शेवटची गाडी जाईपर्यंत.

तुला घरात धरून,
निलोफर