गाळाला हवा लागली

ता. ३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या अहवालावरून तलावाचा गाळ उपसायचं काम निघालं, आणि यंत्रावर मीच! ही म्हणते, बहिणीने विष शोधायचं, भावाने उपसायचं, घरचाच कारभार. नळाला याच तलावाचं पाणी, हल्ली गढूळ येतं, पण शिसं एकदाचं गेलं की बाळाच्या पाण्याची काळजी मिटेल.

तुझी माया आहेच, पत्रातही दिसू दे.

तुझा,
धाकटा

ता. ८

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कसंही कर, पण यंत्र बंद कर.

गाळाच्या बाटल्या आणताना गाडीभर सडक्या अंड्यांचा वास सुटला. ड्रायव्हर कटकट करू लागला, आणि माझं नाक तर तुला ठाऊकच आहे. वाटेत थांबून झाकणं उघडली, वास जाऊ दिला. अगं बाई, तो वास म्हणजे गाळातल्या सूक्ष्मजीवांचंच काम होतं! तळाशी हवा नसते, तिथे ते शिसं गंधकाशी बांधून ठेवतात. हवा लागली, शिसं सुटून पाण्यात आलं, आणि मी लिहिलं की गाळातून शिसं झिरपतंय. आता नव्याने भरून बंदच ठेवलेल्या बाटल्या तपासल्या, तर पाणी स्वच्छ. तू उपसतोस तेव्हा अख्ख्या गाळाला हवा लागते.

आमचे साहेब म्हणाले, झालं ते झालं, तोंड उघडलंत तर नोकरी गेली समजा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तूही कुणाला सांगू नकोस, माझी शपथ आहे.

रागावलास तरी लिहीत जा.

ताई

ता. १३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यंत्र बिघडलंय म्हणून दोन दिवस काढले. मग मिस्त्री येऊन बघून गेला, ठणठणीत आहे म्हणाला. मुकादम म्हणतो, थांबवायचं तर अहवाल देणाऱ्याचा कागद आण.

तुझी शपथ पाळली, हिला काही बोललो नाही. आज तिने नळाचं पाणी बाळाच्या बाटलीत भरलं. मी बाटली मुद्दाम सांडली. वेंधळा म्हणून बोलणी खाल्ली. ताई, उद्या काय सांडू?

धाकटा

ता. १७

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चूक माझी, असं सहीनिशी लिहून वरच्या कचेरीत दिलं. प्रत सोबत आहे, आधी मुकादमाच्या हातात ठेव. पाणी दुसरीकडून आण. मला उद्यापासून येऊ नका म्हणालेत. भीती वाटते रे, खोटं कशाला बोलू.

शपथ सुटली. हे पत्र तुझ्या बायकोला वाचून दाखव. माझ्यावर चिडली तर चिडू दे, मध्ये पडू नकोस.

ताई