क्ष म्हणजे गूळ

राहाता,
२७ नोव्हेंबर १९७२

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या काष्टीच्या दुकानाने यंदा आमच्या अकरावीच्या वर्गाला गणितं पुरवली, त्याबद्दल आभार. दिवाळीनंतरच्या शनिवारी, बाजारच्या दिवशी, तुमची भागीरथी दुकानात बसली होती. तुम्ही माल आणि एकूण रक्कम सांगत होता, ती गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या लिहीत होती. भाव लिहायचा नाही, फक्त शेवटचा आकडा, ही तुमची जुनी रीत. त्यातल्या चार चिठ्ठ्या ती वहीत उतरवून घेऊन आली. मला त्या आवडल्या. गुळाचा भाव क्ष धरा, तूरडाळीचा य धरा, आणि समीकरणं मांडा, असं मी वर्गाला सांगितलं.

भिमाजी पाटील: गूळ दोन किलो, डाळ तीन, साडेअकरा रुपये. रंगनाथ पोस्टमास्तर: गूळ तीन, डाळ एक, साडेआठ. यातून गूळ निघतो दोन रुपये आणि डाळ अडीच. इथवर ठीक. पण त्या भावाने कडूबाईच्या एक किलो गूळ आणि दोन किलो डाळीचे सात व्हायला हवेत, तिथे आठ आहेत. राहीबाईच्या दोन किलो गूळ, एक किलो डाळीचे साडेसहा हवेत, तिथे पावणेआठ. मी आधी भागीरथीवरच उखडलो. साधं उतरवून घेता येत नाही म्हणून वर्गासमोर उभं केलं, वहीत लाल शाईने शून्य दिलं. ती रडली, पण आकडे हेच होते यावरून हलेना. तेव्हा दादा, चूक तुमच्या बेरजेत दिसते. वय झालं. एकदा नगरला जाऊन डोळे दाखवा.

तिच्या बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म सोबत आहे. त्यावर वडिलांची सही लागते. मुख्याध्यापक पाच जानेवारीपर्यंत थांबायला तयार आहेत. त्यानंतर तिचं वर्ष बुडालं.

वहिनींना नमस्कार. तुमचा लोभ आहे असं मी धरून चालतो, पत्रात तो कधी सापडला नाही तरी.

आपला,
राधाकृष्ण

काष्टी,
२ डिसेंबर १९७२

चि. राधाकृष्ण यास आशीर्वाद. तेवढे देतो, पुढचं नीट वाच.

माझी बेरीज चुकली असं लिहायला तुझा हात धजला कसा? तू शिकावंस म्हणून मी चौथीतून उठलो. तीस वर्षं या पेटीवर बसतोय. तीनदा मोजल्याशिवाय आकडा तोंडातून बाहेर काढत नाही. जालिंदरची बेरीज चुकली असं म्हणणारा एक माणूस काष्टीत दाखव, दुकानाची किल्ली त्याच्या हातात देतो. कडूबाईचे आठच झाले आणि राहीबाईचे पावणेआठच झाले. पोरीने बरोबर उतरवलंय. तुझंच गणित खोटं आहे. सरकारी पगार घेऊन असलं शिकवत असशील तर मुलांची कीव येते.

घरचं दुकान चाळीस मुलांपुढे फळ्यावर टांगायला तुला कोणी सांगितलं होतं? तुझ्या घरी पोर ठेवली ती शिकायला, बापाच्या चिठ्ठ्या तपासायला नव्हे. फॉर्म माझ्यापाशी राहील. त्यावर सही होणार नाही. नाताळच्या सुट्टीत तिला इथे आणून सोड. कोपरगावकडचं एक स्थळ आहे, मुलगा साखर कारखान्यात आहे. त्याच्या घरी वाण्याचा भाव कोणी क्ष धरत नाही.

तिच्या आईने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलंय. लई बरं झालं, घरात शांतता आहे. डोळे माझे चांगले आहेत.

लोभाचं काय ते, पोर घरी आल्यावर बघू.

जालिंदर

राहाता,
८ डिसेंबर १९७२

ती. नानांस,
भागीरथीचा सा. न. वि. वि.

काकांना लिहिलेलं तुमचं पत्र मी वाचलं. तुमची बेरीज चुकत नाही, हे मला त्यांच्याआधी ठाऊक होतं. शून्य मिळालं तेव्हाही मी तेच सांगत होते. पण नाना, बेरीज बरोबर आणि चिठ्ठ्याही बरोबर, तर मग एकच गोष्ट उरते. ती तुमच्या पत्रामुळेच मला सापडली.

कडूबाई आणि राहीबाई यांच्या चिठ्ठ्या पाटलांच्या चिठ्ठीशी जुळत नाहीत, एवढंच काकांनी पाहिलं होतं. त्या एकमेकींशी जुळतात का, हे कोणी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं. दोघींचा माल मिळून तीन किलो गूळ, तीन किलो डाळ, आणि पैसे पावणेसोळा. म्हणजे एक किलो गूळ आणि एक किलो डाळीचे सव्वापाच. कडूबाईच्या आठातून ते वजा केले की उरते एक किलो डाळ, पावणेतीन रुपये. गूळ अडीच. राहीबाईची चिठ्ठी याच भावाने लावून पाहिली. एका पैशाचा फरक येत नाही.

एकाच दिवशी, एकाच ढेपेचा गूळ. पाटलांना दोन रुपये, कडूबाईला अडीच. उधारी म्हणावी तर दोघी रोख मोजतात. दोघी दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात आणि दोघींना वाचता येत नाही. आपल्या दुकानात चिठ्ठीवर भाव का लिहीत नाहीत, ते मला आता कळलं. आणि त्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्या आहेत.

हे मी वर्गात मांडलेलं नाही. काकांना दाखवलं. त्यांनी माझ्या वहीतलं शून्य खोडलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गासमोर चूक कबूल केली, कारण न सांगता.

नाताळात मी येणार नाही. कोपरगावला नकार कळवा. फॉर्मची वाट बघते. तो आला नाही तर मी घरी येईन, दुकानात बसेन, आणि कडूबाईने काही विचारलं तर तिला काय सांगायचं ते तुम्हीच मला शिकवा.

आईला नमस्कार. राग असला तरी मुलगी तुमचीच आहे, एवढं असू द्यावं.

भागीरथी

काष्टी,
३१ डिसेंबर १९७२

चि. भागीरथी हीस,
आशीर्वाद आईचे आहेत.

तुझं पत्र चुलीत घातलं. बापाला धमकी द्यायला काकानेच शिकवलं असेल. धंदा कसा चालतो ते तुझ्या क्षला कळत नाही. पाटलाला दोन रुपयांत गूळ दिला नाही तर तो सरळ दौंड गाठतो. त्या बाया जाणार कुठे? त्या फरकावर दुकान उभं आहे, आणि राहात्याला जाणारी तुझी फीही.

तुला दोन भाव नको होते. ठीक. १६ तारखेच्या बाजारी एकच भाव केला, वरचा. पाटील स्वतः आला आणि चार माणसांत म्हणाला की जालिंदरला दुष्काळ चांगलाच मानवलाय. रंगनाथ पोस्टमास्तर रिकामी पिशवी घेऊन परत गेला. २३ तारखेला दोघंही आले नाहीत, त्यांच्यामागे आणखी अकरा घरं आली नाहीत. म्हणून काल सगळ्यांना खालचा भाव लावला. पोस्टमास्तर लगेच हजर.

त्याच्यामागे कडूबाई होती. दर बाजारी गूळ एक, डाळ दोन, तेवढंच नेते. वाचता येत नसलं तरी आठ रुपये तिला पाठ आहेत. मी सात सांगितले. तिने सवयीने आठ ठेवले. मी एक परत सरकवला. तो हातात धरून ती उभीच राहिली आणि म्हणाली की मालक, बेरीज चुकली तुमची, फिरून मोजा, मला कुनाचा रुपया नको. पोस्टमास्तर माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो की आजची बरोबर हाय, इतके दिवस चुकत हुती.

तीस वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य मला चार माणसांत बोलावं लागलं, तेही खोटं. ते तुझ्यामुळे.

तिने विचारलं की किती बाजार चुकत होती. मी तराजू पुसायला घेतला. ती पायरीवर बसली आणि बोटांवर मोजायला लागली. गिऱ्हाईक खोळंबलं तरी उठली नाही. पुढच्या शनिवारी आकडा घेऊन येते म्हणाली.

फॉर्मवर सही केली आहे. कोपरगावला काही कळवलेलं नाही, तुझ्या निकालानंतर बघू. गणितात नापास झालीस तर या दारात उभी राहू नकोस.

कडूबाईचा आकडा तपासायला तू यायची गरज नाही. माझी बेरीज चुकत नाही.

जालिंदर