चाळीस मिनिटं मागे

ता. ९, सोमवार

प्रिय ठेंगूस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत. तुझ्या वहिनीचे गुडघे आणि माझा स्वभाव सोडला तर घरात कुरकुरणारं काही नाही. घड्याळांचं दुकान चालू आहे. अक्षर मोठं आलंय ते नव्या पेनामुळे.

लेकीकडे राहायला गेल्यापासून तुझं पत्र नाही. कारण मला माहीत आहे. तुझ्या निवृत्तीच्या समारंभात माईक हातात आला आणि मी म्हणालो, "सरकारी दवाखान्यात माणूस औषधाने नाही, वाट बघून बघून बरा होतो." सगळे हसले. तीस वर्षं तिथे नर्स म्हणून उभी राहिलेली तू तेवढी हसली नाहीस. त्याला दोन वर्षं झाली.

तर सांगायचं असं, की माझ्या एका मित्राला मोतीबिंदू झालाय. खाजगी डॉक्टरांनी त्याला सोफ्यावर बसवलं, थंड पाणी दिलं, चार मिनिटं तपासलं आणि आकडा सांगितला. मित्र पाणी न पिताच उठला. मग मी त्याला तुझ्या जुन्या दवाखान्यात नेलं.

सकाळी सातपासून रांग. बाकाचा चौथा पाय अजून विटांचाच आहे. औषधाच्या खिडकीवर 'थेंब संपले' अशी पाटी कायमची रंगवून घेतलीय. हे सगळं मी सोसलं, पण भिंतीवरचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे होतं. ते मला बघवेना. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "करा की, तुम्हाला येतंय तर." मी स्टुलावर चढलो आणि काटे नीट लावले. अकरा पंचवीसचे बारा पाच झाले. नोंदणीच्या बाईंनी वर बघितलं, "अगंबाई, बारा वाजून गेले," म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली. माझा नंबर तिसरा होता.

हो, माझाच. मित्र वगैरे कुणी नाही.

मागे बावीस माणसं होती. एक बाई म्हणाली, "काका, तुम्हाला घरी काही काम नाही का?" खरं सांगायचं तर नाही. महिनाभर घड्याळातली बारीक स्प्रिंग मला दिसत नाही. गिऱ्हाइकाला "उद्या या" सांगतो आणि बोटांनी चाचपत बसतो. डोळा गेला तर दुकान गेलं, आणि दुकान गेलं की मी दिवसभर घरात. तुझ्या वहिनीला ते सोसणार नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई भेटल्या. आपल्या लेकींपेक्षा लहान. वीस मिनिटं डोळा तपासला, चित्र काढून समजावलं. माझ्या आधीच्या हमालालाही तेवढीच मिनिटं दिली होती, मी मोजली. शेवटी म्हणाल्या, "घड्याळवाले असून इतक्या उशिरा आलात?" मी मान डोलावली. तुझ्यासमोर उत्तर सुचलं असतं, आणि ते वाईटच असतं.

ऑपरेशन शुक्रवारी. पैसे लागत नाहीत, पण थेंब बाहेरून आणायचे आणि चादर घरची न्यायची. म्हणजे आपण दोघंही थोडे थोडे बरोबर होतो. तू जास्त.

ठेंगू, मला भीती वाटते. तुझी वहिनी पट्टी बघितली की आडवी होते, तिला नेलं तर दोन खाटा लागतील. फॉर्मवर 'सोबतचे नातेवाईक' असा रकाना होता. तुला न विचारता मी तिथे 'बहीण' लिहून आलोय. नोंदणीच्या बाईंनी विचारलं, "नक्की येणार ना?" मी हो म्हणालो.

ऑपरेशनसाठी हाक नऊ वाजता देतात, भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे. तुझी गाडी सव्वानऊला पोचते, मी चौकशी केली. काळजी करू नकोस. रांगेतल्यांनी मला परत स्टुलावर चढवलं, आणि मी ते घड्याळ होतं तसं चाळीस मिनिटं मागे करून ठेवलंय.

वाट बघून बघून बरा होणारा,
तुझा दादा