ह्यांनी बांधलेली वेल

दि. ३ ऑगस्ट

चि. ठमीस अ. आ.

पत्र मिळालं. मी बरी आहे. जेवते, झोपही लागते. भेटायला येणारे रडतात आणि मी त्यांना पाणी आणून देते. हे गेल्यापासून माझ्या डोळ्यांतून टिपूस आलेलं नाही. सूनबाईला त्याची काळजी वाटते. मला तीही वाटत नाही.

लिहायला कारण म्हणजे मागची भिंत. थोरल्याने रंगारी ठरवला आहे. हवी ती वेल दाखवा, तेवढी राखून रंगवतो, असं रंगारी म्हणाला. आजारपणाआधी ह्यांनी तिथे निळ्या फुलांच्या वेलीचं बी टाकलं होतं. फुलं आली की सकाळचा चहा तिथेच प्यायचा, असं मला न विचारता ठरवूनही टाकलं होतं. रोपं वर आली तशी आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या, चष्मा गळ्यात अडकवायच्या दोऱ्यांनी ती खिळ्यांना बांधली. ती वेल मला ठेवायची आहे. बाकी काही नको.

पण आता तिच्यात रानवेल घुसली आहे. दोरीने न बांधलेलं, मधेमधे उगवलेलं मी रोज उपटते, तरी वर सगळा गुंता झाला आहे आणि मला सगळं सारखंच हिरवं दिसतं. तुझा जन्म रोपवाटिकेत गेला, तेव्हा ओळखायचं कसं ते कळव. लोभ आहेच, तो विचारत बसत नाही.

तुझी ताई

दि. ९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

चष्म्याच्या दोऱ्यांचं वाचून आधी हसू आलं, मग कुंड्यांच्या आड जाऊन रडले. भावोजींनी सगळ्या गावाचे नंबर काढले आणि स्वतःचा चष्मा जन्मभर खिशात ठेवला. माझ्या लग्नात आचाऱ्याला माझा सासरा समजून मिठी मारली होती, आठवतं ना?

आता कामाचं. निळ्या फुलांच्या वेलीचं पान बदामाच्या आकाराचं, रुंद. देठावर बारीक लव असते, बोट फिरवून बघ. रानवेलीचं पान भाल्याच्या टोकासारखं निमुळतं. तरी शंका राहिली तर बुंध्याशी उकर. बागेतली वेल एका मुळावर उभी असते. रानवेलीची मुळं पांढरी, लांबवर पसरलेली. तुटली की तुकड्यातून पुन्हा फुटतात.

आणि रडू येत नाही म्हणून स्वतःच्या मागे लागू नकोस. घरात सगळ्यांना माझी आठवण सांग. माझ्यावरची माया जरा पुरवून वापर, मला अजून बरीच वर्षं लागणार आहे.

तुझी ठमी

दि. १६ ऑगस्ट

चि. ठमीस अ. आ.

तू लिहिलंस तसं पाहिलं. दोरीने बांधलेल्या सगळ्या वेलींची पानं भाल्यासारखी आहेत. एकही बदामी नाही. उकरलं तर पांढरी मुळं थेट पायरीखाली गेलेली. मग कोपऱ्यात मी उपटून टाकलेला ढीग चाळला. पानं सुकली होती, पण ओळखू येत होती. ह्यांनी रानवेल बांधली, आणि मी तिला पाणी घालून ह्यांची वेल उपटत राहिले. एकही उरलेली नाही.

रंगाऱ्याला सगळं काढायला सांगितलं. दोऱ्या तेवढ्या मीच सोडायला घेतल्या. गाठी घट्ट होत्या, नखं दुखायला लागली. एक गाठ काही केल्या सुटेना, आणि ठमे, मला असा राग आला! मी मोठ्यांदा ह्यांना विचारलं, की चष्मा खिशात ठेवायला केला होता का, डोळ्यांवर लावायला काय झालं होतं. हे नेहमी म्हणायचे, की मला सगळं दिसतं. तेवढं ऐकायला मी हात गाठीवर ठेवून थांबले. रंगारी खाली बघत उभा राहिला. सूनबाई दारात आली. ह्यांचं ते वाक्य काही आलं नाही.

तेव्हा मला कळलं की हे गेले.

तेव्हापासून रडते आहे, आत्ता लिहितानाही. पत्रातला लोभ आता पुरायचा नाही. जमेल तशी निघून ये.

तुझी ताई