शेवटच्या खुर्चीवरून झूम

६ एप्रिल, रविवार. निलंगा.
साडूभाऊ किशनरावांच्या शिवांगीचा साखरपुडा झाला. फोटोवाला श्रीशैल सारखा मधी. सगळा कार्यक्रम त्याच्या पाठीनं खाल्ला. पंगतीत मी स्पष्ट बोललो, की खरा फोटोग्राफर कुणाला दिसत नसतो, तो शेवटच्या खुर्चीवर बसून झूम लेन्सनं काढतो. किशनराव वरणात पोळी कुस्करत म्हणाले, मग लग्नात तुमीच काढा की. म्हणजे ऑर्डर मिळाली. सौ. सिंधूचं म्हणणं, ते चेष्टा करून राहिले होते. तिला माझं काहीच खरं वाटत नाही.

शिवांगीनं मात्र मनावर घेतलं. म्हणाली, "काका, अंतरपाट सरकल्यावरचा फोटू तेवढा नीट घ्या. बाकीचे न्हाई आले तरी चालतील." शब्द दिला.

कॅमेरा आहेच. फक्त लेन्स पाहिजे.

९ एप्रिल. नांदेड.
नव्या झूम लेन्सचे भाव बघितले. मोबाईल पालथा ठेवला. जुनी घेणार. जाणकार जुनीच घेतात.

१३ एप्रिल, रविवार.
बिलोलीला जाऊन आलो. स्टुडिओ बंद करून किराणा टाकलेल्या एका गृहस्थाकडं लेन्स मिळाली. लई स्वस्त. घरी येऊन बघतो तर कॅमेऱ्याला बसेना. दुसऱ्याच कंपनीची. खोबरेल लावून बघितलं. सौ.ला सांगितलं, ही स्पेअर आहे.
संकल्प: यापुढं कॅमेरा सोबत नेल्याशिवाय लेन्स घ्यायची नाही.

२० एप्रिल, रविवार. लातूर.
कॅमेरा सोबत नेला. गंजगोलाईच्या मागं रियाजभाईचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान. हातभर लांब लेन्स. बसली! रियाजभाई आधीच बोलला, काचेत थोडी बुरशी हाय, नळी ढिली हाय, साहेब तुम्ही नका घेऊ. गिऱ्हाइकाला नका घेऊ म्हणतो म्हणजे स्वतःलाच ठेवायची असणार. मी कशाला सोडतो. निघताना म्हणाला, ओलीपासून जपा. चेहरा पडला होता बिचाऱ्याचा.

एसटीत लक्षात आलं, कॅमेरा खाली केला की नळी आपोआप लांब होते. ऑटोमॅटिक आहे. हे त्याला माहीतच नसावं.

२१ एप्रिल. सकाळ.
गच्चीवर ट्रायल. टाकीवरचा कावळा एवढा जवळ दिसला की मीच मागं सरकलो. फोटो सगळे धुक्यातले. नांदेडला एप्रिलात धुकं! हवामानाचं काही खरं नाही राहिलं.

२६ एप्रिल.
धुकं नाही, बुरशीच आहे. घाबरायचं कारण नाही. इंटरनेटवर उपाय सापडला. कोरड्या धान्यात ठेवायची. तांदळाचा डबा सौ.च्या नजरेसमोर असतो, म्हणून मागच्या पितळी डब्यात ज्वारीत पुरली. ज्वारी गुलाबी निघाली. सौ.नं लग्नाच्या अक्षता रंगवून ठेवल्यात, आमच्याकडं त्या ज्वारीच्याच असतात. हाताला जरा ओलसर लागल्या. रंगाचा गारवा असेल.

२९ एप्रिल.
लेन्स काढली. बाहेरून गुलाबी, आतूनही थोडी. जुन्या बनियननं पुसली. नळी पूर्ण लांब होऊन अडकलीय. खाचेत ज्वारीचा दाणा बसलाय, सुईनं निघेना. आता फक्त लांबचंच दिसणार. मला तरी कुठं जवळचं पाहिजे?

किशनरावांना फोन करून सांगितलं, श्रीशैलला नको म्हणून कळवा. ते हाव हाव म्हणाले. सौ. विचारत होती, अक्षतांना मशीनच्या तेलाचा वास कसा काय. मी उन्हाळ्याला दोष दिला.

३० एप्रिल. निलंगा. संध्याकाळ.
लग्न लागलं.
मला मानाचा फेटा बांधला. तुरा हातभर. ठरल्याप्रमाणं शेवटच्या खुर्चीवर बसलो. लेन्समधून नवरदेवाचं नुसतं नाक दिसलं. खुर्ची मागं घेतली. कान आला. मांडवाबाहेर गेलो, मग रस्ता ओलांडून टायरच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो, तेव्हा कुठं दोघं एका फोटोत बसले. श्रीशैल स्टेजवर दिसला. पाहुणा म्हणून आला असेल.

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आन सगळा मांडव उठून उभा राहिला. अक्षता कुणी बसून टाकत नाही, हे मला माहीत नाही असं नाही. ऐन वेळेला ध्यानात राहिलं नाही. लेन्समधी नुसत्या टोप्या, पदर आन कोपरं. पोरीला शब्द दिलेला. पळालो. एक ट्रॅक्टर आडवा आला, एक चप्पल रस्त्यात राहिली. "सावधान" म्हणायच्या आत स्टेजवर होतो. अंतरपाट सरकला आन मी बटण दाबलं. दाबतच राहिलो.

जेवणानंतर शिवांगी आली. काका, दाखवा की म्हणाली. एकूणएक फोटो गुलाबी. कोण नवरा, कोण नवरी, काही ओळखू येईना. तिनं स्क्रीन बघितली, मग माझ्या एका अनवाणी पायाकडं बघितलं.
"राहू द्या काका. पळत आलात, तेवढं लई झालं."
मला फार वाईट वाटलं. रडूच यायलं होतं. रात्री जेवणार नाही. दुपारचे गुलाबजाम आधीच झाले होते.

११ मे, रविवार. निलंगा.
शिवांगी माहेरी आलीय म्हणून आम्हाला बोलावलं. श्रीशैल अल्बम घेऊन आला. त्याला नको म्हणून कुणी कळवलंच नव्हतं.

अंतरपाटाचा फोटो सगळ्यात मोठा, दोन पानं भरून. मधोमध मी. पाठमोरा. डावीकडं शिवांगीच्या बांगड्या, उजवीकडं नवरदेवाचं नाक. बाकी सगळा माझा फेटा. दुसरा फोटो आहे का, म्हणून तिनं विचारलं. श्रीशैल म्हणाला, ताई, काकांच्या मागं मी दुसरं काय काढणार?
"अंतरपाट एकदाच सरकतो, काका," शिवांगी म्हणाली. मग हसायला लागली, ते थांबेच ना. डोळे पुसत म्हणाली, हाच फोटो फ्रेम करून भिंतीला लावायचा. किशनराव मला म्हणाले, खरा फोटोग्राफर दिसत नसतो म्हणं. सौ. पाणी आणायला म्हणून आत गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

मी फोटो नीट निरखून बघितला. फेट्यावर फोकस एकदम शार्प आहे. तुऱ्याचा दोरा न् दोरा मोजून घ्यावा. श्रीशैलला अंगणात बाजूला घेतलं आन हळूच विचारलं, हा फोटो काढलेली तुझी लेन्स जुनी झाली की कुणाला देणार आहेस.