भरतीची शून्यं

१६ जुलै २००१, पोर्ट्समथ

वेंडेलचं यंत्र नापास! माहिती साठवणारी सात कंपन्यांची यंत्रं एकमेकांना जोडून बघायचा आठवडा, आणि पहिल्याच दिवशी हे. तार तीच, माहिती तीच — चेकसम, म्हणजे माहिती शाबूत पोचली का ते ताडायचा आकडा, मात्र जुळत नाही. न जुळलेलं पॅकेट समोरचं यंत्र फेकून देतं, तसंच ठरलंय. आमच्यासकट बाकी सहा कंपन्यांचं एकमेकांशी गुळपीठ.

"अरे, सगळी वरात एकीकडे अन् तू एकीकडे!" लोरेन वेंडेलला म्हणाली. ती या प्रयोगशाळेची प्रमुख. सगळे हसले. मीही.

१७ जुलै

वेंडेल माझ्या टेबलाशी आला. हातात प्रोटोकॉलचा, म्हणजे यंत्रांनी आपसात कसं बोलायचं त्या नियमांचा मसुदा — मी लिहिलेला. "हॉलिस, 'तुकड्याचा चेकसम काढावा' म्हणतोस. तुकडा चारच्या पटीत बसावा म्हणून शेवटी शून्यं भरतो, ती धरायची ना?"

"उघड आहे रे," म्हणालो. काय उघड आहे ते नाही सांगितलं!

जेवणाच्या सुट्टीत तपासलं. तुकडा म्हणजे काय, हे मीच तीन पानं आधी लिहिलंय — शून्यांसकट. म्हणजे त्याचं बरोबर. सोबत नमुना म्हणून दिलेला माझा कोड मात्र शून्यं सोडून देतो. बाकीच्यांनी मसुदा वाचलाच नाही, कोड उचलला. माझी चूक सहा घरी सुखानं नांदतेय.

"आकडे घालून एक साधं उदाहरण दे," असं लोरेन वर्षभर म्हणत होती. मी म्हणायचो, शहाण्याला शब्दाचा मार. काय ही घमेंड!

१८ जुलै

बोललो नाही.

१९ जुलै

इथला दंडक — दुसऱ्याच्या यंत्रात काय बिघडलं ते खोलीबाहेर न्यायचं नाही. आपल्या साहेबालासुद्धा सांगायचं नाही. मला केवढा सोयीचा!

जेवताना चाऊडरचं सूप पिता पिता वेंडेल म्हणाला, "उद्या पास झालो नाही तर आमचा बॉइसीचा विभाग बंद. साहेबानं सरळ सांगितलंय."

 बोलावं, तर आमची विकली गेलेली सगळी यंत्रं चुकीची ठरतात. "चाऊडर छान झालंय," एवढंच म्हणालो. लाज वाटली स्वतःची.

२० जुलै

नापास. तारा त्यानं स्वतःच गुंडाळल्या. जाताना मला हात केला.

२३ जुलै

लिहिलं! प्रोटोकॉलवर काम करणाऱ्या सगळ्या गटाला एकच मेल — चूक माझ्या कोडची, वेंडेलचं बरोबर. खाली उदाहरण: पाच बाइट, पुढे तीन शून्यं, आणि चेकसम किती यायला हवा तो आकडा. दहा ओळींचं काम. आमचे साहेब फोनवर कडाडले. कडाडू देत. छाती जरा हलकी झाली.

२४ जुलै

वेंडेलचं उत्तर.

"उदाहरण चांगलंय, आता कुणी फसणार नाही. विभाग शुक्रवारीच बंद झाला. तुझा कोड मी मंगळवारी वाचला होता. साहेबानं विचारलं तेव्हा चूक माझीच म्हटलं, दुसऱ्याच्या यंत्राचं कसं सांगणार? खोलीत तू बोलशील, म्हणून थांबलो होतो."