चंद्रकोरीची दुरुस्ती

१६ नोव्हेंबर, रविवार

कळंब्याच्या तळ्याकाठी निसर्गवहीचा सहावा वर्ग. बाराही मुलं हजर! नियम एकच — बघाल तेच काढा, खाली तारीख-वेळ लिहा. संयोगितानं बगळ्याचे पाय इतके नेमके काढले की मी दोनदा पाहिले.

तेजस्वी, दहा वर्षांची, घरी म्हशी — पहाटेचा चंद्र काढून घेऊन आली. कोर उलटी! फुगीर पोट डावीकडे. शेजारी लाल पेनानं नीट काढून दिली, पोट उजवीकडे. तीस वर्षं वर्तमानपत्राच्या रात्रपाळीला प्रुफं तपासली. चूक नजरेतून सुटत नाही.

"न्हाय सर, अशीच हाय की."

"मनानं काढायचं नाही, बघून काढायचं."

मुलं हसली. तिनं वही मिटली.

२३ नोव्हेंबर

तेजस्वी आली नाही. संध्याकाळी गच्चीवरून पश्चिमेला बारीक कोर दिसली. पोट उजवीकडेच! बायकोला मुद्दाम बोलावून दाखवली.

"चंद्राचंही प्रूफ तपासून झालं? चला आता, चहा गार होतोय."

३० नोव्हेंबर

पुन्हा गैरहजर. बाकी वर्ग जोरात.

८ डिसेंबर

कालही नाही. आज तिच्या आजीला, आक्कांना, फोन केला.

"वही माळ्यावर टाकलीया तिनं. सर म्हणत्यात मी खोटं काढती, असं म्हणती. आता न्हाय काढायची कायबी. तुमीच या समजवायला. धारंच्या वक्ताला या, तवा घरात गावंल."

खोटं? मी फक्त दुरुस्ती केली! पण पोरीनं चित्रच सोडायचं म्हणजे — जायला हवं.

१४ डिसेंबर

मुलांना अभ्यास: या आठवड्यात चंद्र बघून काढा.

"सर, तो आता पहाटेच दिसतोय!"

"मग पहाटे उठा. आणि पोट उजवीकडे, लक्षात आहे ना?"

सगळे एका सुरात — हो!

१७ डिसेंबर, बुधवार

पावणेसहाला तिच्या गोठ्यावर. रात्रपाळीवाल्याला ही वेळ ठाऊकच नाही — दोनला घरी, नऊला उठणं; निवृत्तीनंतरही सवय तीच. तेजस्वी म्हशीखाली बसून धार काढत होती. मागं उसाच्या वर, पूर्वेला, कोर.

पोट डावीकडे.

सूर्य ज्या बाजूला, पोट त्या बाजूला. संध्याकाळी एक, पहाटे दुसरी. साठी उलटल्यावर कळलं!

"तेजस्वी, चुकलं माझं. तुझी कोर बरोबर होती."

तिनं मान वर केली नाही. "पयल्यांदाच बगितलासा व्हय?"

"हो."

"दर म्हैन्याला असती की!" मग उठली, भरलेली बादली माझ्या हातात दिली. "धरा. सांडू नगा."

२१ डिसेंबर, रविवार

तेजस्वी आली, वहीसकट. पहिल्या रांगेत बसली. जीव भांड्यात पडला.

मग बाकीच्या अकरा वह्या पाहिल्या. वेळा पहाटेच्या — साडेपाच, पावणेसहा, सहाला पाच कमी. अकराही चंद्रांचं पोट उजवीकडे.

संयोगिताला विचारलं, "तुला अशीच दिसली?"

"नाही सर, उलटी दिसली. मग मी सुधारली."